दोन्ही निकालांवर ७ बँड: शंकर नगरच्या मॅडमच्या आयल्ट्स शिकवणीचा अनुभव

माझ्याजवळ आयल्ट्सचे, म्हणजे परदेशी जाण्यासाठी द्यावी लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, दोन निकाल आहेत, एक मे महिन्याचा आणि एक डिसेंबरचा. दोन्हींवर ओव्हरऑल ७ छापलं आहे. चारही भागांच्या बँडची, म्हणजे गुणांची, बेरीजसुद्धा दोन्हींत २७च येते. पहिल्या निकालावर मी वॉर्डात संत्रा बर्फी वाटली आणि चौथ्या दिवशी लिनन रूममध्ये जाऊन रडले. दुसरा निकाल आल्यावर माझी फाइल पुढे गेली. या दोन कागदांत फरक काय, हे ज्यांनी मला शेजारी बसवून समजावलं, त्या नागपुरातल्या शंकर नगरच्या मॅडमच्या शिकवणीबद्दल लिहून राहिली आहे. त्यांची पाटी नाही, जाहिरात नाही. कोणीतरी सांगितलं तरच तिथे पोचता येतं, म्हणून सविस्तर लिहिते.

मी धंतोलीतल्या एका हॉस्पिटलात आयसीयूला स्टाफ नर्स आहे. जीएनएम, म्हणजे नर्सिंगचा डिप्लोमा केला, नऊ वर्षं झाली. माहेर काटोलकडचं, दहावीपर्यंत मराठी शाळा. डॉक्टरांशी इंग्रजीत बोलायची सवय कामामुळे झाली, पण सलग एक पान इंग्रजी लिहायची वेळ कधी आली नव्हती. इंग्लंडला जायचं ठरवलं तेव्हा सगळ्यांसारखी मीही सीताबर्डीतल्या एका मोठ्या क्लासला गेले. दीड महिन्याचे २२ हजार भरले. परीक्षेची सतरा-अठरा हजार फी त्याहून वेगळी.

मे महिन्याचा निकाल असा होता: लिसनिंग ७.५, रीडिंग ७, रायटिंग ६, स्पीकिंग ६.५. ओव्हरऑल ७. क्लासवाल्यांनी त्याच संध्याकाळी फोटो मागवून घेतला आणि दोन दिवसांत जिन्याजवळच्या फ्लेक्सवर माझा चेहरा लागला, खाली मोठ्या अक्षरांत ‘७ बँड’. घरच्यांनी येऊन त्या फ्लेक्सपाशी फोटो काढले. माझे बाबा काटोलहून बसने आले होते त्यासाठी.

मग भरती एजन्सीच्या मुलीचा फोन आला. “सिस्टर, तुमचा स्पीकिंग साडेसहा आहे आणि रायटिंग सहा. ही फाइल चालणार नाही.” इंग्लंडचं नर्सिंग अँड मिडवाइफरी कौन्सिल, म्हणजे त्यांचं एनएमसी (आपल्याकडचं डॉक्टरांचं एनएमसी वेगळं, गल्लत करू नका), ओव्हरऑल ७ तर मागतंच, पण त्याशिवाय लिसनिंग, रीडिंग आणि स्पीकिंगमध्ये प्रत्येकी ७ आणि रायटिंगमध्ये ६.५ मागतं. रायटिंगलाही आधी ७च लागायचे, २०१८ च्या शेवटी ते ६.५ केले. हे मला कोणीच सांगितलं नव्हतं. दीड महिना ज्या क्लासमध्ये बसले, तिथे एकदाही कोणी विचारलं नाही की तुला जायचं कुठे आहे आणि तिथे काय लागतं. फ्लेक्सवर एकच आकडा मावतो, म्हणून शिकवतानाही त्यांच्या डोक्यात तो एकच आकडा होता, असं मला आजही वाटतं. याचा राग गेलेला नाही.

मॅडमचं नाव मला आमच्या एका जुन्या सीनियर सिस्टरने दिलं, त्या आता तिकडेच आहेत. जूनमध्ये पहिल्यांदा गेले. ड्युटी सुटल्यावर काँग्रेस नगरवरून मेट्रो, सीताबर्डीला गाडी बदलायची, शंकर नगरला उतरायचं, मग सात-आठ मिनिटं पायी. जुनं दुमजली घर. वरच्या खोलीत एक लांब टेबल, सहा खुर्च्या, खिडकीत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर. मॅडम कॉलेजात इंग्रजी शिकवून रिटायर झालेल्या. त्यांनी पाणी दिलं, बसायला सांगितलं आणि म्हणाल्या, “कागद दाखव.”

मी निकाल काढला. त्यांनी पेन्सिलने चार आकड्यांच्या खाली एक रेघ मारली आणि मला म्हणाल्या, “प्रत्येकाच्या खाली एनएमसीला काय पाहिजे ते लिही.” मी लिहिलं: ७, ७, ६.५, ७. मग बेरीज करायला लावली, २७. भागिले चार, ६.७५. “हे ६.७५ त्यांनी वर ओढून ७ केलेत. सरासरीत पाव आला तर अर्ध्यावर नेतात, पाऊण आला तर पुढच्या पूर्ण आकड्यावर. तुझा ७ असा आला आहे. आता मला सांग, पेशंटचं बीपी चांगलं, पल्स चांगला, टेंपरेचर चांगलं आणि सॅच्युरेशन ८२, तर तू चारही मिळून पेशंट बरा आहे असं चार्टवर लिहिशील का?”

नऊ वर्षं मी दर तासाला हेच चार आकडे वेगवेगळ्या रकान्यांत भरत आले आहे. मला त्याहून जास्त काही समजावायची गरज पडली नाही.

त्यानंतर त्यांनी जे केलं त्याने माझे पैसे आणि निदान चार महिने वाचले. त्यांनी कॉम्प्युटरवर एनएमसीचं पान उघडलं आणि मला मोठ्याने वाचायला लावलं. त्यांची ही पद्धतच आहे: नियम आठवणीतून सांगायचा नाही, मूळ पान उघडायचं आणि विद्यार्थ्यानेच वाचायचं. त्या पानावर होतं की दोन परीक्षांचे निकाल एकत्र धरता येतात. दोन्ही बारा महिन्यांच्या आत दिलेल्या हव्यात, दोन्ही वेळा चारही भाग द्यायला हवेत, आणि कुठल्याही वेळी लिसनिंग, रीडिंग, स्पीकिंग ६.५ च्या खाली आणि रायटिंग ६ च्या खाली जायला नको. ही मुदत आधी सहा महिन्यांची होती, २०२३ मध्ये बारा झाली. म्हणजे जो कागद मी फाडून टाकायच्या बेतात होते, तो अर्धा कामाचा होता. लिसनिंग आणि रीडिंग माझे झालेले होते. पुढच्या वेळी स्पीकिंग ७ आणि रायटिंग ६.५ आणायचे, बाकी दोन ६.५ च्या खाली पडू द्यायचे नाहीत, एवढंच उरलं होतं. एवढंच म्हणजे काही थोडं नव्हतं, पण डोंगराची उंची तरी कळली.

मी फेरतपासणीचंही विचारलं. ठरलेल्या मुदतीत पैसे भरून पेपर पुन्हा तपासून घेता येतो आणि बँड वाढला तर ते पैसे परत मिळतात. मॅडम म्हणाल्या, आधी मला एक निबंध लिहून दे. चाळीस मिनिटं घड्याळ लावून लिहायला बसवलं, वाचला आणि म्हणाल्या, “तुझे सहा हे खरे सहाच आहेत. फेरतपासणीत पैसे घालू नको.” एकच भाग पुन्हा देण्याची सोयही आहे, मूळ परीक्षेपासून साठ दिवसांच्या आत, पण माझे दोन भाग अडकलेले. तोही रस्ता बंद. शिवाय ते सगळीकडे चालतंच असं नाही, आधी विचारून घ्यावं लागतं.

आता शिकवणीबद्दल. आयल्ट्सच्या निकालावर रायटिंगपुढे फक्त एक आकडा येतो. तपासणारे चार गोष्टी वेगवेगळ्या तपासतात आणि चारही गोष्टींना सारखंच वजन असतं, पण ते चार आकडे आपल्याला दिसत नाहीत. म्हणून निकाल पाहून नेमकं कुठे चुकलं हे कळत नाही. मॅडम ते वहीतून शोधतात. निबंधाच्या शेजारी चार रकाने आखतात आणि त्यांना मराठी नावं देतात: प्रश्नाला उत्तर दिलं का, धागा सलग आहे का, शब्द जागेवर आहेत का, वाक्यं शुद्ध आहेत का. कुठल्या बँडला काय लागतं याचे तक्ते आयल्ट्सवालेच सगळ्यांसाठी खुले ठेवतात. त्याचं प्रिंटआउट टेबलाच्या काचेखाली आहे, प्रत्येकाने आपला निबंध त्याच्याशी लावून पाहायचा.

माझ्या पहिल्या निबंधाचं काय झालं ते सांगते, कारण त्या एका तासात मला जितकं कळलं तितकं आधीच्या दीड महिन्यात कळलं नव्हतं. विषय होता तरुणांनी गाव सोडून शहरात यावं का, तुम्ही कितपत सहमत आहात. मी २७१ शब्द लिहिले होते, १६ वाक्यं. मॅडमनी हिरवा पेन घेतला आणि ज्या वाक्यात एकही चूक नाही त्याच्या डोक्यावर बरोबरची खूण करत गेल्या. सोळापैकी पाच खुणा. सात बँडच्या तक्त्यात वाक्यांच्या रकान्यात लिहिलेलं आहे की बिनचूक वाक्यं वारंवार यायला हवीत. “पाचाला वारंवार म्हणायचं का?” त्यांनी विचारलं. मग उरलेल्या अकरा वाक्यांत काय चुकलं याची यादी मला करायला लावली. अकरांपैकी सातांत एकच चूक होती: ‘द’ आणि ‘अ’. मराठीत हे शब्दच नाहीत, म्हणून माझ्या कानाला त्यांची उणीव जाणवत नाही. दोन ठिकाणी ‘सिन्स नाइन इयर्स’ सारखं, ‘फॉर’ हवं तिथे ‘सिन्स’. म्हणजे अकरा वेगवेगळे रोग नव्हते, मुख्य दोनच होते. पुढचे तीन आठवडे मी फक्त ‘द’ आणि ‘अ’ यांवर काम केलं. रोज रात्री त्या दिवसाच्या नर्सिंग नोट्सची दहा वाक्यं घरी पूर्ण इंग्रजीत लिहायची. पेशंटचं नाव-गाव काही नाही, फक्त काय केलं ते. नर्सिंग नोट्समध्ये आम्ही ‘पेशंट शिफ्टेड टू वॉर्ड’ एवढंच लिहितो, ‘द’ला तिथे जागाच नसते. सवय तिथूनच लागली होती.

पहिल्या रकान्यात तर आणखी वाईट. प्रश्न होता सहमत किती, आणि मी दोन्ही बाजू लिहून शेवटी ‘प्रत्येक नाण्याला दोन बाजू असतात’ अशा अर्थाचं वाक्य टाकून मोकळी झाले होते. माझं मत कुठेच नव्हतं. आधीच्या क्लासने सुरुवात आणि शेवट पाठ करून घेतले होते, ‘इन धिस मॉडर्न एरा’ वगैरे. मॅडमनी ती वाक्यं कंसात टाकली आणि म्हणाल्या, हे तुझं नाही, तपासणाऱ्याला ते लगेच कळतं. उरलेले शब्द मोजायला लावले. २७१ चे २१८ उरले. किमान लागतात २५०.

आणखी एक गोष्ट मला तिथेच कळली. रायटिंगमध्ये दोन प्रश्न असतात, पहिला आलेखावरचा, १५० शब्दांचा, दुसरा निबंध. निबंधाचं वजन पहिल्याच्या दुप्पट. परीक्षेत मी आलेखावर तीस मिनिटं घालवली होती, कारण क्लासमध्ये दीड महिन्यातला बहुतेक वेळ आलेखांतच गेला होता आणि मला तेच छान जमायचं. साठ मिनिटांपैकी वीस आलेखाला, चाळीस निबंधाला, हे मॅडमनी स्वयंपाकघरातल्या टायमरने अंगात भिनवलं. वीस मिनिटं झाली की टायमर वाजायचा, आणि वाक्य अर्धं असलं तरी पान उलटायचं.

ऑक्टोबरमध्ये एका निबंधात १७ वाक्यांपैकी ११ वर हिरव्या खुणा आल्या. ते पान मी वहीतून काढून ठेवलं आहे.

स्पीकिंगचं दुखणं निराळं होतं. माझं उच्चारांवर अडलं असेल असं मला वाटायचं, ‘व्ही’ आणि ‘डब्ल्यू’ दोन्हींना मी एकच ‘व’ म्हणते. मॅडम म्हणाल्या, भारतीय ढंगाने बोललीस म्हणून कोणी मार्क कापत नाही, समजलं पाहिजे एवढंच पाहतात. अडत होतं वेगळंच: मी दोन वाक्यांत उत्तर संपवायची. अकरा ते चौदा मिनिटांची परीक्षा, त्यात मध्ये एका विषयावर एक ते दोन मिनिटं सलग बोलायचं असतं, आणि मी चाळीस सेकंदांत गप्प. आयसीयूत कमी शब्दांत बोलणं हेच चांगलं काम समजतात. मग त्यांनी युक्ती केली. म्हणाल्या, “तुझा हँडओव्हर दे. बेड नंबर चार.” ड्युटी संपताना पुढच्या नर्सला पेशंटची माहिती देतो, तसा मी नेहमीसारखा दिला. मग म्हणाल्या, “आता हाच पेशंटच्या आईला दे. ती बाहेर बाकावर बसली आहे, घाबरली आहे, तिला काही कळत नाही.” त्या दिवशी मी इंग्रजीत पावणेतीन मिनिटं न थांबता बोलले. त्यानंतर प्रत्येक विषय, आवडतं ठिकाण असो की लहानपणीची भेटवस्तू, मी त्या बाकावरच्या बाईला सांगत असल्यासारखा सांगितला.

लिसनिंग-रीडिंगकडे मॅडम फार लक्ष देत नाहीत. चाळीस-चाळीस प्रश्न, चुकीला मार्क कापत नाहीत, तेव्हा एकही जागा रिकामी सोडायची नाही. साधारण तीस बरोबर आले की ७ बँड, पस्तीस आले की ८. स्पेलिंग चुकलं की मार्क गेला. एवढं सांगून त्या घरी सराव करायला लावतात. ज्यांचं रीडिंगच कच्चं आहे त्यांना हे पुरणार नाही, आणि माझ्यावरही त्याचा परिणाम झाला, ते खाली सांगते.

माझ्याबरोबर हिंगण्याच्या एमआयडीसीत काम करणारा एक इंजिनीअर होता, त्याला कॅनडाला जायचं. त्याचे ७.५, ८.५, ७ आणि ८ होते, ओव्हरऑल ८. ऑफिसात सगळे त्याचं अभिनंदन करत होते. पण कॅनडावाले ओव्हरऑल बघतच नाहीत, प्रत्येक भाग त्यांच्या स्वतःच्या पातळीत बदलून घेतात, आणि त्याला हव्या असलेल्या नवव्या पातळीसाठी लिसनिंगमध्ये ८ लागतात. अर्ध्या बँडने तो अडकला होता. त्यात आयल्ट्सचे दोन प्रकार, त्याची परीक्षा जनरल ट्रेनिंगची, माझी अकॅडेमिक. त्याच्या प्रकारात रीडिंगचं कोष्टकच कडक आहे, चाळीसपैकी तीस आले की मला ७ मिळतात, त्याला ६. एकाच टेबलावर बसून आम्ही दोघं दोन वेगळ्या परीक्षा देत होतो, हे मॅडमकडे येईपर्यंत दोघांनाही माहीत नव्हतं.

उणिवाही सांगते. सगळा सराव कागदावर होतो आणि माझी परीक्षा कॉम्प्युटरवर होती. टायपिंग मला घरी भाच्याच्या लॅपटॉपवर वेगळं शिकावं लागलं. मॅडमकडे तसं सांगितलंही, त्यांनी ऐकून घेतलं, पण कॉम्प्युटर एकच आहे. जून-जुलैत कूलरच्या आवाजात लिसनिंगची रेकॉर्डिंग ऐकणं कठीण, कूलर बंद केला की बसवत नाही. सहाच विद्यार्थी घेतात, मला तीन आठवडे थांबावं लागलं. रोटेशन ड्युटीवाल्यांना वेळ बदलून मिळते, पण आदल्या दिवशी कळवलं तरच. न कळवता चुकवलं की चांगलं ऐकवतात. ओईटी त्या शिकवत नाहीत. नर्सेससाठी ती परीक्षाही एनएमसीला चालते, त्यात पत्र लिहायचं आणि पेशंटशी बोलायचं असं आपल्या कामातलंच असतं. मॅडम स्वतःच सांगतात की तुला ते सोपं वाटत असेल तर तिकडे जा, मी अडवणार नाही.

फी महिन्याला अडीच हजार. मी पाच महिने गेले, साडेबारा हजार झाले. पावती मिळते.

डिसेंबरची परीक्षा अधिवेशनाच्या आठवड्यात आली. रस्ते बंद, सगळीकडे बॅरिकेड, मी मेट्रोने गेले म्हणून वेळेवर पोचले. चार दिवसांनी निकाल लागला: लिसनिंग ७, रीडिंग ६.५, रायटिंग ६.५, स्पीकिंग ७. रीडिंग घसरलं, सराव कमी पडला होता. हा कागदही एकटा चालला नसता. मी मॅडमकडे दोन्ही घेऊन गेले. त्यांनी काही न बोलता पेन्सिल माझ्या हातात दिली. मी दोन्ही निकाल एकाखाली एक ठेवले आणि प्रत्येक रकान्यातल्या मोठ्या आकड्याला गोल केला: वरून ७.५ आणि ७, खालून ६.५ आणि ७. मॅडमनी चष्मा लावून चारही गोल एकेक करून तपासले, मग आत जाऊन चहा टाकला.

आता नर्सिंगची कॉम्प्युटरवरची सीबीटी परीक्षा आणि मग तिकडे गेल्यावर ओएससीई, म्हणजे प्रात्यक्षिक परीक्षा, बाकी आहे.

ज्यांना मॅडमकडे जायचं असेल त्यांनी दुपारी चार ते सहामध्ये जावं, त्याआधी त्या आराम करतात. आधी परीक्षा दिली असेल तर निकालाचा कागद न्या, नुसता मोबाइलमधला फोटो त्यांना चालत नाही, त्यावर पेन्सिल चालवता येत नाही. जिथे जायचं आहे तिथल्या अटींचं प्रिंट काढून न्या. आणि वही दोनशे पानी घ्या, शंभर पानी सप्टेंबरातच संपते.